भारुडाचा आतला अर्थ कसा लावायचा : विंचवापासून मुंगीपर्यंत

एकनाथांच्या भारुडातला विंचू म्हणजे काम-क्रोध, हे मराठी घरात बहुतेकांना ठाऊक असतं. ते कशावरून, असं विचारलं की मात्र ‘कीर्तनात ऐकलंय’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. खरं तर उत्तर त्याच भारुडाच्या दुसऱ्या ओळीत दिलेलं आहे. गूढ वाटणाऱ्या रचनेचा अर्थ आधी तिच्या शब्दांत शोधायचा, तिथे सापडला नाही तर कवीच्या परंपरेत, आणि तिथेही नसेल तर जागा मोकळी सोडायची. या क्रमाने गेलं तर भारुडं, कूट म्हणजे कोड्यासारखे अभंग आणि विरहिण्या म्हणजे विरहात वाट बघणारीच्या तोंडच्या रचना कोणालाही स्वतः उलगडता येतात. त्याला लागतं ते असं : एक वही, दोन रंगांच्या पेन्सिली, जुन्या मराठीचा कोश आणि तीन बैठका.

पहिली बैठक पाठासाठी, म्हणजे रचनेचे नेमके शब्द पक्के करण्यासाठी. रेकॉर्डिंग ऐकून लिहून घेतलेल्या शब्दांवर अर्थ लावायला बसू नका. भारूड हा सादर करायचा प्रकार आहे. सोंगी भारुडात कलाकार मधे हाका घालतो, विव्हळतो, गावातल्या ताज्या गोष्टी जोडतो. ‘अगं बाई, देवा रे देवा’ ही भर रंगत आणते, पण ती नाथांची नाही आणि तिच्यात गूढार्थ शोधण्यात वेळ जातो. छापील गाथा घ्या. शक्यतो दोन वेगवेगळ्या संपादकांच्या घ्या. रचना वहीत हाताने उतरवा, प्रत्येक चरणाखाली तीन ओळी कोऱ्या सोडा आणि दोन गाथांत फरक असेल तिथे दोन्ही शब्द लिहा. पाठाबद्दल नाथ स्वतः किती दक्ष होते हे लक्षात ठेवा. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ ला, त्यांनी ज्ञानेश्वरीचे पाठ तपासून शुद्ध प्रत केली. त्या प्रतीच्या शेवटी त्यांनी बजावलंय की ज्ञानेश्वरीत जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं जाणावं. त्यांच्याच भारुडाला तेवढा मान द्यायला हवा.

याच बैठकीत शेवटच्या चरणातली मुद्रा बघून ठेवा. ‘एका जनार्दनी’ म्हणजे एकनाथ, ‘बापरखुमादेवीवरु’ म्हणजे ज्ञानदेव, ‘नामयाची दासी जनी’ म्हणजे जनाबाई. ‘नामा’ दिसला की थोडं थांबा. संत नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीच्याही रचना मिसळल्या आहेत. कवी बदलला की शतक बदलतं, संप्रदाय बदलतो आणि रूपकाची किल्लीही बदलते.

आता वरचा अर्थ. बहुतेकजण इथेच घाई करतात. विंचू म्हणजे काम-क्रोध हे कळलं की विंचवाकडे बघायचंच राहून जातं. वास्तविक आतला अर्थ उभा असतो तो वरच्या अर्थाच्या बारकाव्यांवर. म्हणून वस्तू, माणूस, रीत, रोग, अवजार असं जे जे रचनेत आलंय ते प्रत्यक्षात काय होतं हे आधी लिहून काढायचं. कळत नसलेल्या प्रत्येक शब्दासाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश किंवा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा; दोन्ही इंटरनेटवर मोफत शोधता येतात. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या शब्दांसाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) अधिक भरवशाचा. ओळखीचा वाटणारा शब्दही बघा, कारण फसवणूक तिथेच जास्त होते.

‘विंचू चावला वृश्चिक चावला । कामक्रोध विंचू चावला । तम घाम अंगासी आला ।’ या पहिल्या कडव्यात घाम का आला? घाबरल्यामुळे नव्हे. लाल विंचवाच्या दंशाचं भरपूर घाम हे ठळक लक्षणच आहे, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाच्या उपचारावर ज्या रुग्णांमध्ये काम केलं, त्या कोकणातल्या रुग्णांतही हे दिसत होतं. पुढे सर्वांगाचा दाह येतो, प्राणाची तगमग येते. मग इंगळी येते, ती मोठ्या जातीची विंचवीण. तिने नांगा मारला. त्यानंतर उतारा आणि अंगारा, म्हणजे विष उतरवणाऱ्या मांत्रिकाची रीत. आणि शेवटी राहते ती फुणफुण, दंशाच्या जागी मागे उरणारी ठणक. दंश, लक्षणं, दुसरा दंश, उपचार, उरलेली ठणक असा एका रुग्णाचा पूर्ण प्रवास इथे क्रमाने आलाय. हा क्रम वहीत आकडे घालून लिहा. आतला अर्थही याच क्रमाने चालला पाहिजे.

दुसरी बैठक किल्लीसाठी. किल्ली ठेवण्याच्या जागा थोड्याच असतात.

सर्वांत सोपी जागा म्हणजे कवीने स्वतः नाव घेणं. ‘कामक्रोध विंचू’ म्हटल्यावर तर्काला वावच उरत नाही. असे शब्द एका रंगाच्या पेन्सिलीने गोल करा. या भारुडात कामक्रोध, तम, पंचप्राण, तमोगुण, सत्त्वगुण, जनार्दन असे सहा मिळतात. बाकीचे शब्द, म्हणजे घाम, नांगा, अंगारा, फुणफुण, दुसऱ्या रंगात. पहिल्या रंगाचे शब्द हा पक्का अर्थ आणि दुसऱ्या रंगाच्यांचा अर्थ पहिल्यांच्या आधाराने काढायचा. उलट दिशेने जायचं नाही.

दुसरी जागा बोलक्या नावांची. नाथांच्या ‘अर्जदस्त’मध्ये सरकारी पत्राचा साचा आहे. परगणे शरीराबाद, किल्ले कायापुरी, तिथले जिवाजी शेकदार आणि बुधाजी कारकून. परगण्यात दंभाजी शेटे, कामाजी महाजन, मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण आणि क्रोधाजी नाईकवाडी यांनी कारभार बिघडवलाय. नावं उघड असल्यामुळे इथे काम हुद्द्यांकडे बघण्याचं आहे. मनाला देशमुखी का दिली, बुद्धीला कारकुनी का? देशमुख हा परगण्याचा वतनदार, पिढीजात जागा धरून बसलेला. शेकदार आणि कारकून सरकारने नेमलेले. म्हणजे देहात जीव आणि बुद्धी वरून कामावर आलेले, तर मन, दंभ, काम, ममता हे वतन मिळाल्यासारखे तिथलेच होऊन बसलेले. वसुली का थकते याचं कारण त्या हुद्द्यांतच आहे. नवशिक्याने सुरुवात याच रचनेपासून करावी. नावांचा अर्थ हाती असल्यामुळे सगळं लक्ष नात्यांकडे देता येतं.

तिसरी जागा आकड्यांची. संतसाहित्यात आकडा सहसा उगाच येत नाही. तीन म्हणजे गुण, ताप किंवा जागृती-स्वप्न-सुषुप्ती. चार म्हणजे वेद, वाणी, मुक्ती. पाच म्हणजे महाभूतं, प्राण, ज्ञानेंद्रियं. सहा म्हणजे षड्रिपू किंवा शास्त्रं. नऊ म्हणजे देहाची दारं किंवा भक्तीचे प्रकार. दहा इंद्रियं, पंचवीस तत्त्वं, चौऱ्याऐंशी लक्ष योनी. एकाच आकड्याला दोन-तीन दावेदार असतात, तेव्हा क्रियापदाने निवाडा करायचा. ‘नऊ दारांचं घर’ असेल तर देह. नऊ जणी सेवेला उभ्या असतील तर भक्ती.

चौथी जागा म्हणजे फाट, जिथे वरचा अर्थ तग धरत नाही ती ओळ. ही शोधायला ‘सत्वर पाव गे मला । भवानीआई रोडगा वाहीन तुला ।’ हे भारूड उत्तम. सून नवस बोलते. सासरा गावी गेलाय, तिकडेच खपव. सासू जाच करते, तिला लवकर निर्दाळ. जाऊ फडफड बोलते, ‘बोडकी कर गं तिला’. नणंदेचं पोर किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे. मग ‘दादला मारून आहुती देईन । मोकळी कर गं मला ।’ आणि अखेर ‘एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे । एकटीच राहू दे मला ।’

आजच्या वाचकाला ‘बोडकी’ म्हणजे टकली वाटते आणि ओळ विनोदी होते. बोडकी म्हणजे केशवपन केलेली विधवा. सून जावेचा नवरा मरावा असं मागतेय. त्या काळात बाईला देता येईल अशा शापांतला हा फार मोठा. आता दोन चरण पुढे या. तीच सून स्वतःचा दादला जावा म्हणते, म्हणजे तीच अवस्था स्वतःसाठी मागते, आणि तिला नाव देते ‘मोकळी’. जावेला जो शाप, तो हिला मोक्ष कसा? संसारातली कुठलीही सून हे बोलणार नाही. वरचा अर्थ इथे फाटतो आणि इथूनच आत जायचं. बोलणारी ही सून नसून संसाराला विटलेला जीव आहे, आणि तो मागतोय ते ‘एकटं’ असणं, म्हणजे दुसरं काही उरलंच नाही अशी स्थिती. वेदान्तात त्याला कैवल्य म्हणतात.

आता सासरा, सासू, जाऊ, नणंद म्हणजे कोण कोण? निरूपणांत इथे एकवाक्यता नाही. कोणी सासऱ्याला अहंकार म्हणतं; सासूला कोणी माया तर कोणी कल्पना; दादल्याला अविवेक. अशा वेळी यादी पाठ करण्यापेक्षा क्रियापदं बघा. सासरा घरात नाही, गेलाय आणि परत येईल अशी भीती आहे. म्हणजे काही काळ दबलेला, पुन्हा डोकं काढणारा विकार. सासू सतत जाच करते. जाऊ फक्त बोलते. पोर स्वतःचं नाही, नणंदेचं. तरी कटकट आपल्या कानाला. एवढं मजकुरात आहे. अहंकार, माया ही नावं परंपरेने दिलेली आहेत, भारुडाने नाहीत. वहीत ती लिहाच, पण समोर ‘परंपरा’ अशी खूण करा. शेवटच्या चरणात ‘सगळेचि’ म्हटलंय, त्यामुळे एकेका नातलगाचं नाव थोडं इकडेतिकडे झालं तरी मुख्य अर्थाला धक्का लागत नाही.

आतला अर्थ सापडला म्हणून वरचा फेकून द्यायचा नाही. सुनेचा त्रागा खराच आहे, आणि समोर बसलेल्या बायांना तो ओळखीचा होता म्हणूनच भारूड त्यांच्या तोंडी राहिलं. नवसाचा व्यवहारही खरा आहे. शेणीच्या निखाऱ्यावर भाजलेल्या एका जाड रोडग्याच्या बदल्यात घरातली एवढी माणसं! या हिशेबातला विसंगतपणा नाथांनी मुद्दाम समोर ठेवलाय असं आमचं ठाम मत आहे.

पाचवी जागा म्हणजे मुद्रेचा चरण. इथे सोंग उतरतं आणि कवी स्वतः बोलतो. म्हणून रचना एकदा उलटीकडून, शेवटच्या चरणापासून वर वाचत यायची सवय लावा. विंचवाच्या भारुडाची खरी खोली तिथेच कळते. सर्वसाधारण निरूपण सांगतं की तमोगुण सारा, सत्त्वगुण धरा, विष उतरलं, संपलं. पण मजकूर चौथ्या कडव्यावर थांबत नाही. ‘सत्त्व उतारा देऊन । अवघा सारिला तमोगुण । किंचित् राहिली फुणफुण । शांत केली जनार्दने ।’ सत्त्वाचा उतारा पूर्ण दिला, तरी ठणक उरलीच. का? गीतेच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे सत्त्व हाही गुणच, तोही सुखाच्या ओढीने बांधतो. शेवटची ठणक गुणांच्या पलीकडून जाते, आणि ते काम जनार्दनाचं. तो एकाच वेळी देव आहे आणि देवगिरीवरचे जनार्दनस्वामी, म्हणजे नाथांचे गुरूही. नेहमीची मुद्रा इथे नुसती सही राहत नाही. ती उपचाराची शेवटची पायरी होते. हे कडवं गाळून गाणाऱ्यांनी भारुडाचं सार गाळलेलं असतं.

तिसरी बैठक तपासणीची. लावलेला अर्थ प्रत्येक चरणावर ठेवून बघा. दहापैकी सात चरणांत बसला आणि तीन चरण ओढूनताणून बसवावे लागले, तर बहुधा किल्ली चुकली आहे. मात्र न बसणारा चरण लपवू नका, पुष्कळदा तोच पुढे नेतो. उदाहरण विंचवाचंच. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात काम-क्रोध रजोगुणातून उपजतात असं म्हटलंय. मग नाथ तमोगुण सारायला का सांगतात? ही अडचण खरी आहे. गीतेचाच दुसरा अध्याय आठवा : क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतीचा भ्रंश. विंचू रजाचा असेल, पण चावल्यावर अंगात चढतं ते मोहाचं अंधारं विष, म्हणजे तम. ‘तम घाम अंगासी आला’ ही ओळ म्हणूनच सुरुवातीला आहे. तोंडी परंपरेत असा छोटा शब्द सहज गळतो आणि मग चौथ्या कडव्यातला तमोगुण आधाराविना उरतो. पाठाची बैठक आधी का, ते इथे उमगतं.

‘मनुष्य इंगळी’ म्हणजे नेमकं काय, याला मजकुरात तितका स्पष्ट आधार नाही. विंचवापेक्षा तिची वेदना जास्त आणि उतारा मात्र दोघांना एकच, इतकंच म्हणता येतं. तिथे ‘संभाव्य’ अशी खूण करून पुढे जा.

कूट अभंगांची रीत थोडी वेगळी. मुक्ताबाईंचा ‘मुंगी उडाली आकाशी । तिने गिळिले सूर्याशी ।’ घ्या. पुढे वांझेला पुत्र होतो, विंचू पाताळात जातो आणि शेष त्याच्या पायी माथा ठेवतो, माशी व्यालली आणि घार झाली. इथे फाट शोधायचा प्रश्नच नाही. प्रत्येक ओळ अशक्य आहे. अशा वेळी शब्दांचा अर्थ बाजूला ठेवून आधी घाट बघायचा. मुंगी सूर्याहून, विंचू शेषाहून, माशी घारीहून लहान. चारांपैकी तीन ओळींत क्षुद्र वाटणारं मोठ्याला गिळतं, नमवतं किंवा मोठं होऊन बसतं. उरलेली ओळ वांझेची. वंध्यापुत्र हा वेदान्ताचा ठरलेला दृष्टान्त आहे, जे कधी नव्हतंच त्यासाठी. सशाचं शिंग, आकाशातलं फूल, दोरीवरचा साप, शिंपल्यावरची चांदी, मृगजळ हे त्याचेच सोबती. ही सहा नावं पाठ ठेवा, संतसाहित्यात ती पावलोपावली भेटतात. दोन्ही धागे एकत्र आणले की अर्थाची दिशा कळते : इवलासा जीव ब्रह्मांडाला व्यापून बसतो, आणि जे जग खरं मानलं होतं ते वांझेच्या पोरासारखं ठरतं. शेवटी ‘देखोनि मुक्ताई हासली’. सगळा खेळ घडून गेल्यावर बघणारी एक उरलीच आहे, हा साक्षीभाव.

पाताळातला विंचू आणि शेष यांचा कुंडलिनीशी संबंध जोडणारी निरूपणं आहेत. ती विचारात घ्यायला आधार आहे, कारण मुक्ताबाई आणि तिची भावंडं गहिनीनाथ-निवृत्तिनाथांच्या नाथपंथी परंपरेतली आणि योगाची परिभाषा त्यांची घरची. तीच किल्ली एकनाथांच्या विंचवाला लावली तर भारूड मोडतं, कारण तिथे विंचवाला उतारा द्यायचाय आणि इथे शेष त्याच्या पाया पडतो. विंचू दोन्हीकडे आहे, अर्थ मात्र एकमेकांच्या विरुद्ध दिशांना. ‘अमुक प्रतीक म्हणजे अमुक’ अशा तयार याद्या यामुळेच कुचकामी ठरतात.

विरहिणीत किल्ली बहुधा लोकसमजुतीत असते. ज्ञानदेवांची ‘पैल तो गे काऊ कोकताहे । शकुन गे माये सांगताहे ।’ ही रचना कावळा ओरडला की पाहुणा येतो, या समजुतीवर उभी आहे. ती माहीत नसलेला वाचक कावळ्यात पितरं शोधतो आणि भरकटतो. पाहुणा कोण तेही पुढे सांगितलंय, पंढरीरावो. इथे प्रत्येक शब्दामागे तत्त्व शोधू नका. सोन्याने मढवायचे पाय, दहीभाताची उंडी हे सगळं वाट बघणाऱ्या मनाचे लाड आहेत, आणि तसंच वाचलं तर जास्त भिडतं.

शेवटी निरूपण लिहून काढा, वहीच्या एका पानात. आधी वरचा अर्थ सलग पाच-सहा वाक्यांत, मग किल्ली कोणत्या चरणात मिळाली ते, मग आतला अर्थ मजकुराच्या क्रमाने. प्रत्येक विधानासमोर पक्कं, परंपरा किंवा संभाव्य यांपैकी एक खूण. पानात ‘पक्कं’ एकही नसेल तर पुन्हा पहिल्या बैठकीकडे जा.

मग ते पान घेऊन गावातल्या भजनी मंडळातल्या जुन्या माणसाकडे जा. ‘याचा अर्थ काय?’ असं विचारलंत तर ऐकून पाठ झालेलं निरूपण मिळेल. त्याऐवजी विचारा : ‘तुमच्याकडे शेवटचं कडवं कसं म्हणतात? कुठला शब्द बदलतो? हे सोंग काढताना अंगावर काय घालतात, हातात काय धरतात?’ या उत्तरांतून छापील गाथेत नसलेला पाठभेद हाती लागू शकतो. तो वहीत त्या चरणाखालच्या कोऱ्या ओळीत, गावाचं नाव आणि तारीख घालून लिहा.